‘रडवा तिला’ म्हणण्याआधी

नवी मुंबईच्या ऐरोलीत कुणी गेलं की घरातून पहिला फोन गावाकडे जातो. साताऱ्याहून, सांगलीहून प्रश्न येतो, ‘मयत किती वाजता?’ क्वचित एखाद्या घरातून दुसराही फोन होतो, इथल्याच नॅशनल बर्न्स सेंटरला. तिथे भाजलेल्यांसाठी त्वचापेढी आहे आणि दान करायचं तर मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत त्वचा घ्यावी लागते. म्हणजे निर्णय घ्यायचा तो नेमका कुणाचंच डोकं ठिकाणावर नसतं तेव्हा. घरातलं एखादं माणूस विषय काढतं आणि जमलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतं, ‘आता देहाची विटंबना नको.’

इथेच पहिला गैरसमज. देह सोलला जात नाही. मांड्या, पाय आणि पाठ यांवरचा कागदाइतका पातळ वरचा थर घेतात. रक्तस्राव होत नाही आणि ती जागा पट्टीने झाकून देतात. पाऊण तासाचं काम. पथक घरीही येतं, त्यामुळे अंत्यविधी अडत नाहीत. ‘वय झालं होतं, शुगर होती’ हेही कारण नाही. अठरा वर्षांपुढच्या कुणाचीही त्वचा चालते, रक्तगट जुळवावा लागत नाही. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी किंवा सी, त्वचेचा कर्करोग किंवा संसर्ग असेल तर मात्र घेत नाहीत. दान करणाऱ्यांचाही एक गैरसमज असतो, की ही त्वचा भाजलेल्या माणसाच्या अंगावर कायमची राहते. तसं होत नाही. काही आठवड्यांत शरीर ती नाकारतं. पण तोवर तिने जखम झाकलेली असते, अंगातलं पाणी वाहून जाणं आणि जंतुसंसर्ग रोखलेला असतो, वेदना कमी केलेल्या असतात. भाजलेल्याला तेवढीच सवड हवी असते.

आणखी एक गोष्ट, जी अवयवदानाच्या जाहिराती सांगत नाहीत. दान केलं की दुःख हलकं होतं, असं सर्रास म्हटलं जातं. नेदरलँड्समधल्या २००२ सालच्या एका अभ्यासात अवयवदानाला होकार देणारी आणि नकार देणारी कुटुंबं पुढे तपासली. दोघांच्या शोकात फारसा फरक नव्हता. काहींना दानाचं समाधान वाटतं, ते खरंच आहे. पण दान करायचं ते भाजलेल्यासाठी. आपलं दुःख उतरावं म्हणून करू नये, आणि ‘नाही’ म्हणालेल्या घराला कुणी नंतर टोचूही नये.

दुसरा सल्ला त्याच घरात, त्याच तासात मिळतो. ‘डोळ्यातून टिपूस नाही, धक्का बसलाय, रडवा तिला.’ न रडलेलं दुःख आत साठतं आणि पुढे कधीतरी फुटतं, ही समजूत फक्त आपलीच नाही. मानसशास्त्रातही ती अनेक दशकं ठाण मांडून होती. मग अमेरिकेत डेट्रॉइट परिसरातल्या वयस्कर जोडप्यांना संशोधक दोघंही हयात असतानाच भेटले आणि एक जोडीदार गेल्यावर मागे राहिलेल्याकडे दीड वर्षापर्यंत जात राहिले. अशा २०५ जणांचे निष्कर्ष २००२ साली आले. जवळपास निम्मे लोक फारसे कोलमडलेच नाहीत, आणि मागाहूनही त्यांचं दुःख उफाळून आलं नाही. त्यांचं प्रेम कमी होतं असंही दिसलं नाही. तेव्हा जी रडत नाही तिला रडवू नका. जी दोन महिन्यांनीही भाजी निवडता निवडता रडते तिला गप्प करू नका. दोन्ही ठीक आहे.

शोकाच्या पाच पायऱ्यांचं काय? नकार, राग, घासाघीस, खिन्नता, स्वीकार, हा क्रम व्हॉट्सॲपवर फिरतच असतो. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांनी तो १९६९ साली मांडला, पण कुणासाठी? स्वतः मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांसाठी. मागे राहिलेल्यांना तो नंतर लावला गेला, आणि प्रत्यक्षात माणसं अशा क्रमाने चालताना दिसत नाहीत. सकाळी स्वीकार असतो, संध्याकाळी बँकेचा फोन येतो, गेलेल्याच्या नावाने, आणि पुन्हा राग.

दहावा, तेरावा, वर्षश्राद्ध यांना मी नावं ठेवणार नाही. दिवा-ऐरोलीच्या जुन्या गावठाणात काय किंवा सेक्टरमधल्या सोसायटीत काय, त्या दिवसांत चूल शेजारी सांभाळतात, माणसं येऊन बसतात. गडबड होते ती ‘वर्ष झालं, आता बास’ म्हटलं की. नोकरीचा हिशेब तर याहून आखूड. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ दिवस नैमित्तिक रजा आहे, घरातल्या मृत्यूसाठी वेगळी नाही. तेरावं घालायला गावी गेलेल्याची ही रजा तेराव्याआधीच संपते.

तरीही ‘काळ हेच औषध’ हे सगळ्यांना लागू पडत नाही. अनेक अभ्यास एकत्र पाहिले तर नैसर्गिक मृत्यूनंतर दहांतल्या साधारण एकाचा शोक लांबतो आणि रोजचं जगणं अडवतो. अपघात, आपत्ती, हिंसा अशा मृत्यूंनंतर हे प्रमाण निम्म्याच्या आसपास जातं. भाजून झालेल्या मृत्यूत दुःखाबरोबर शवविच्छेदन येतं, पोलिसांपुढे जबाब येतो. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत स्त्री दगावली तर दंडाधिकाऱ्यांची चौकशीही येते. रडायच्या वेळी माहेर-सासर दोघंही प्रश्नांना उत्तरं देत असतात. जागतिक आरोग्य संघटनेने लांबलेला शोक हा वेगळा विकार मानला आहे. त्याचं निदान सहा महिन्यांआधी करत नाहीत, अमेरिकी निकष प्रौढांसाठी वर्षाचा आहे. त्यासाठी खास समुपदेशन आहे. गोळ्यांनी सोबतची खिन्नता उतरते, ओढ आणि आठवणींचा तिढा मात्र नुसत्या गोळ्यांनी सुटताना दिसलेला नाही.

मोठ्या दुर्घटनेनंतर लगेच सगळ्यांना बसवून ‘काय काय पाहिलंत ते सांगा’ म्हणणं हाही मदतीचा मार्ग नाही. अशा एका बैठकीने आघाताचा पुढचा परिणाम टळत नाही, काहींना तर त्रास वाढतो. त्यापेक्षा पाणी, फोन, नातेवाइकांचा पत्ता, झोपायला जागा. बोलावंसं वाटलं तर ऐकायला कुणीतरी.

मुलांना ‘बाबा गावाला गेलेत’ सांगू नका. चार वर्षांचं मूल वाट बघत बसतं. ‘आजोबा झोपले’ म्हटलं तर ते स्वतःच झोपायला घाबरतं. ‘बाबा वारले, त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत’ एवढं साध्या शब्दांत सांगा, आणि तेच दहा वेळा सांगायची तयारी ठेवा. सहा-सात वर्षांपर्यंत बहुतेक मुलांना मृत्यू कायमचा असतो हे कळायला लागतं.

सरकारची टेलि-मानस सेवा २०२२ पासून १४४१६ वर आहे. चोवीस तास, फुकट, मराठीतही. स्वतःला काही झालं असेल तरच फोन करायचा असं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या, घरातलं माणूस गेलेल्या बाईंशी कसं वागावं, एवढंच विचारायचं असेल तरी चालतं.