भूल कोणी द्यावी?

तंजावर म्हटले की महाराष्ट्रीय वाचकाच्या डोळ्यांपुढे बृहदीश्वराचे उत्तुंग शिखर, सरस्वती महालातील मोडी कागदांची दप्तरे आणि भोसले घराण्याची दक्षिणेतील राजसत्ता उभी राहते. त्या घराण्यातील दुसऱ्या सरफोजी राजांना वैद्यकाचा केवढा ध्यास होता, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. त्यांच्या धन्वंतरी महालात आयुर्वेद, सिद्ध आणि युनानी चिकित्सेचे जाणकार पाश्चात्त्य वैद्यकाच्या सोबतीने औषधे पारखीत असत. नेत्ररुग्णांच्या त्या काळच्या नोंदी, रोगग्रस्त डोळ्यांच्या रंगीत चित्रांसह, सरस्वती महालात आजही जपलेल्या आहेत. त्या चित्रांतील मोतीबिंदूच्या रुग्णांनी शस्त्रक्रिया सोसली ती पूर्ण शुद्धीवर. राजे १८३२ साली निवर्तले. ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग बोस्टन येथे झाला तो १८४६ साली, आणि पुढच्याच वर्षी ती विद्या कलकत्त्यास पोहोचली.

वेदना गेली, पण एक नवा प्रश्न आला. रुग्णाच्या उशाशी बसून त्याच्या श्वासावर नजर ठेवायची कोणी? प्रारंभी हे काम ज्याचे हात रिकामे असतील त्याच्याकडे जाई. बहुधा तो शिकाऊ डॉक्टर असे, आणि त्याचे लक्ष साहजिकच शस्त्रकर्माकडे. तेच तर त्याला शिकावयाचे होते! यातून अपघात होऊ लागले, तेव्हा अमेरिकेतील शल्यविशारदांनी हे काम परिचारिकांवर सोपविले. १८७७ च्या सुमारास पेनसिल्व्हेनियातील सिस्टर मेरी बर्नार्ड या कामात तरबेज झाल्या. पुढे मेयो रुग्णालयातील अ‍ॅलिस मगॉ या परिचारिकेने १९०६ साली प्रसिद्ध केलेल्या वृत्तांतात चौदा हजारांहून अधिक रुग्णांचा हिशेब आहे. भुलेमुळे त्यांतील एकही दगावला नव्हता. ईथर थेंबाथेंबाने सोडावयाचे, रुग्णाशी हलक्या आवाजात बोलत राहावयाचे, ही तिची रीत.

असे यश डोळ्यांवर येणारच. भूल देणे हा वैद्यकीय व्यवसाय आहे, परिचारिकेला तो अधिकार नाही, असा आक्षेप डॉक्टरांनी घेतला. केंटकीच्या न्यायालयात १९१७ साली आणि कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात १९३६ साली निकाल परिचारिकांच्या बाजूने लागला. शल्यविशारदाच्या देखरेखीखाली भूल देणे म्हणजे परवान्याविना डॉक्टरकी नव्हे, असे न्यायाधीशांचे मत पडले. मधल्या काळात, १९३१ साली, त्यांनी आपली संघटनाही उभारली. २००१ साली सरकारी आरोग्यविम्याच्या कामात डॉक्टरांच्या देखरेखीची अट शिथिल करण्याची मुभा राज्यांना मिळाली, तेव्हा वाद पुन्हा पेटला. २०२१ साली परिचारिकांच्या संघटनेने आपल्या नावात थोडा बदल करून तज्ज्ञ डॉक्टरांच्या शास्त्राचेच नाव त्यात गोवले. त्यावरही मोठे रणकंदन झाले. भांडण नावाचे वाटते, पण त्यामागे वेतन, मान आणि अंतिम शब्द कोणाचा, हे तिन्ही प्रश्न आहेत.

आपल्या देशात गोष्टीने निराळे वळण घेतले. हैदराबादेत रूपाबाई फर्दुनजी या पारशी विदुषी १८८९ पासून क्लोरोफॉर्म देऊ लागल्या; परंतु त्या परिचारिका नव्हत्या, वैद्यकीय शाळेत शिकलेल्या होत्या. भूल हे डॉक्टरांचेच क्षेत्र, हा दंडक येथे पुढेही टिकला, आणि भूलतज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९४७ साली स्थापन झाली. साहजिकच आपल्याकडील स्पर्धा डॉक्टर आणि परिचारिका यांच्यात नाही. ती पूर्ण शिकलेला डॉक्टर आणि अल्पकाळ शिकलेला डॉक्टर यांच्यात आहे.

यासाठी पुन्हा तंजावरलाच यावे. मिरासदारांच्या देणगीतून एकोणिसाव्या शतकात उभे राहिलेले तेथील राजा मिरासदार रुग्णालय आज स्त्रिया व बालके यांच्या उपचारांसाठी ओळखले जाते. ते १९५९ साली स्थापन झालेल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. अशा ठिकाणी भूलतज्ज्ञ असतो. पण कावेरीच्या खोऱ्यातील, किंवा आपल्या गडचिरोली–नंदुरबारकडील, एखाद्या तालुक्याच्या दवाखान्यात मध्यरात्री बाळंतीण अडली तर? सिझेरियन करणारे हात मिळतात, भूल देणारे मिळत नाहीत. म्हणून केंद्र सरकारने साध्या एम.बी.बी.एस. डॉक्टरांना अठरा आठवड्यांत प्रसूतीपुरती भूल शिकविण्याची योजना काढली. तमिळनाडूने खासगी भूलतज्ज्ञांना प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मोबदला देऊन बोलावण्याचाही मार्ग अवलंबिला.

तज्ज्ञांनी नाक मुरडले. त्यांची शंका निव्वळ स्वार्थाची आहे असे मला वाटत नाही. पाठीच्या कण्यात दिलेली भूल अपेक्षेहून वर चढली तर रक्तदाब कोसळतो, श्वास अडखळतो. शिवाय गरोदर स्त्रीच्या श्वासनलिकेत नळी घालणे हे मुरलेल्या हातांनाही अवघड जाते. ती दोन-चार मिनिटे अठरा आठवड्यांत शिकता येतात का? प्रश्न रास्त आहे. पण तज्ज्ञ शंभर कोसांवर असताना त्याची पदवी त्या बाळंतिणीच्या काय उपयोगाची?

या दोघांच्या शेजारी तिसरा माणूस उभा असतो, त्याचे नाव कोणी घेत नाही. यंत्र तपासणारा, प्राणवायूची टाकी बदलणारा, नळ्या हाताशी ठेवणारा भूल-तंत्रज्ञ. संबंधित आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ साली संसदेने कायदा केला, तेव्हा त्याच्या कामाला राष्ट्रीय पातळीवर मान्यता मिळाली. भूल देण्याचा अधिकार त्याला नाही, आणि तो त्याने मागूही नये. पण टाकी रिकामी होत आल्याचे पुष्कळदा त्यालाच आधी कळते.

घरातील कोणावर शस्त्रक्रिया ठरली, तर भूल कोण देणार हे आदल्या दिवशीच विचारावे. त्यात डॉक्टरांचा अपमान नाही. भूल देणाऱ्याला पूर्वीचे आजार, चालू औषधे, हलणारे दात, सारे सांगावे. आणि सकाळी रुग्णाने घोटभर चहा घेतला असेल तर तोही लपवू नये. ‘एवढ्याशा चहाने काय होते’ म्हणून घरची मंडळी गप्प बसतात, आणि गुंगीत तोच चहा उलटून फुप्फुसात उतरतो.