करवीरचे श्रीमहालक्ष्मी मंदिर : वास्तू, उत्सवपरंपरा आणि किरणमार्गाच्या जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

प्राचीन मंदिराचा वारसा म्हटला की सामान्यतः शिल्प, शिलालेख, मूर्ती आणि शिखर यांचा विचार केला जातो. उत्सवांचा विचार लोकपरंपरा म्हणून स्वतंत्रपणे होतो. कोल्हापूर येथील श्रीमहालक्ष्मी अर्थात अंबाबाई मंदिराच्या बाबतीत ही विभागणी अपुरी पडते. येथील किरणोत्सव हा वास्तूच्या रचनेतूनच निर्माण होणारा उत्सव असून तो घडण्यासाठी मंदिराच्या भिंतींइतकीच मंदिरासमोरील मोकळी जागाही आवश्यक असते. प्रस्तुत लेखात मंदिराची वास्तुपरंपरा व वार्षिक उत्सव यांचा संक्षिप्त परामर्श घेऊन, किरणोत्सवामागील खगोलीय व भौमितिक कारणे आणि त्यातून उद्भवणारा जतनाचा प्रश्न स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

पंचगंगेच्या काठी वसलेल्या करवीर क्षेत्राला दक्षिण काशी असे संबोधले जाते. मंदिराच्या आरंभाचा संबंध परंपरेने चालुक्यकाळाशी जोडला जातो. शिलाहार राजांनी आपल्या ताम्रपटांत व शिलालेखांत महालक्ष्मीच्या वरप्रसादाचा उल्लेख बिरुदाच्या स्वरूपात केलेला आढळतो. राजसत्तेला अधिष्ठान देणारी देवता म्हणून तिचे स्थान त्या काळी दृढ झाले होते, हे त्यावरून लक्षात येते. तेराव्या शतकाच्या आरंभी शिलाहारांची सत्ता संपुष्टात येऊन हा प्रदेश यादवांच्या अंमलाखाली आला. यादवकालीन लेखही मंदिराच्या परिसरात आहेत. पुढील अस्थिर काळात मूर्ती सुरक्षित स्थळी हलविण्यात आली आणि अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात करवीर संस्थानचे छत्रपती संभाजी महाराज यांच्या कारकिर्दीत तिची पुनःस्थापना झाली. ग. ह. खरे यांनी ‘महाराष्ट्राची चार दैवते’ या ग्रंथात ज्या दैवतांचा अभ्यास केला, त्यांत या देवीचा समावेश आहे.

मंदिर काळ्या पाषाणाचे असून पश्चिमाभिमुख आहे. मुख्य गाभाऱ्यात महालक्ष्मी आणि दोन्ही बाजूंच्या गाभाऱ्यांत महाकाली व महासरस्वती अशी रचना आहे. मुख्य गाभाऱ्याच्या वरील मजल्यावर मातुलिंग शिवलिंग आहे. बाह्य भिंतींवर वादक, नर्तकी, सुरसुंदरी व योगिनी यांची शिल्पे कोरलेली आहेत. सुमारे ३ फूट उंचीची चतुर्भुज मूर्ती मातुलिंग, गदा, ढाल व पानपात्र धारण करते. तिच्या पाठीशी सिंह असून मस्तकावर नाग व लिंग-योनी ही चिन्हे आहेत. समोरचा लाकडी गरुड मंडप मात्र एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आहे. मंदिराची एकसंध दिसणारी वास्तू अशा प्रकारे अनेक शतकांच्या भरीतून सिद्ध झालेली आहे.

चांद्र तिथींवर आधारलेले उत्सव

मंदिरातील बहुतेक उत्सव चांद्र तिथींनुसार साजरे होतात. आश्विन शुद्ध प्रतिपदेस घटस्थापना होऊन शारदीय नवरात्रास प्रारंभ होतो. नऊ दिवस देवीची वेगवेगळ्या रूपांत अलंकार पूजा बांधली जाते. ललिता पंचमीस देवीची पालखी शहराच्या पूर्वेकडील त्र्यंबोली टेकडीवर जाते. असुरवधानंतरच्या विजयोत्सवाचे निमंत्रण न मिळाल्याने रुसलेल्या त्र्यंबोलीची समजूत काढण्यासाठी अंबाबाई स्वतः तिच्या भेटीस जाते, अशी कथा आहे. तेथे कुमारिकेच्या हस्ते होणारा कोहळा फोडण्याचा विधी हे असुरवधाचे प्रतीक मानले जाते. अष्टमीच्या रात्री देवी नगरप्रदक्षिणेस निघते. विजयादशमीला दसरा चौकात छत्रपती घराण्याच्या उपस्थितीत सीमोल्लंघन होते व नागरिक आपट्याची पाने सोने म्हणून लुटतात. कार्तिक पौर्णिमेस दीपोत्सव होतो. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या दुसऱ्या दिवशी देवीचा रथोत्सव असतो.

या उत्सवांचे एक समान वैशिष्ट्य असे की त्यांत देवी गाभाऱ्याबाहेर पडून नगरात येते. टेकडी, चौक, रस्ते हे सर्व त्या दिवशी मंदिराचाच विस्तार बनतात. किरणोत्सवात याच्या उलट घडते. तेथे बाहेरचा प्रकाश गाभाऱ्यात येतो आणि त्यासाठी पंचांगातील तिथी पाहावी लागत नाही.

किरणोत्सव : सौर गणनेवर आधारलेला उत्सव

किरणोत्सव वर्षातून दोनदा होतो. परंपरेने ९, १० व ११ नोव्हेंबर तसेच ३१ जानेवारी, १ व २ फेब्रुवारी हे त्याचे दिवस मानले जातात. मावळत्या सूर्याची किरणे महाद्वारातून गरुड मंडप, गणपती चौक, पितळी उंबरठा व चांदीचा उंबरठा असा प्रवास करीत गाभाऱ्यात पोहोचतात. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी मूर्तीच्या मध्यभागी आणि तिसऱ्या दिवशी मुखावर किरणे येतात, असे परंपरा सांगते.

इतर उत्सव तिथीनुसार मागेपुढे होत असताना हा उत्सव इंग्रजी तारखांना स्थिर का राहतो, असा प्रश्न स्वाभाविकपणे पडतो. त्याचे उत्तर सूर्याच्या वार्षिक गतीत आहे. क्षितिजावरील सूर्यास्ताचा बिंदू वर्षभर उत्तर-दक्षिण सरकत असतो. २१-२२ डिसेंबरच्या सुमारास तो दक्षिणेच्या टोकास असतो. १० नोव्हेंबर ही तारीख या टोकाच्या सुमारे ४१ दिवस आधी येते आणि १ फेब्रुवारी तेवढ्याच दिवसांनी नंतर. या दोन्ही वेळी सूर्याची क्रांती दक्षिणेकडे सुमारे १७ अंश असते. म्हणून कोल्हापूरच्या अक्षांशावर सूर्य नेमक्या पश्चिमेच्या सुमारे १८ अंश दक्षिणेस मावळतो. नोव्हेंबरात दक्षिणेकडे जाणारा सूर्य मंदिराच्या अक्षरेषेस एकदा ओलांडतो व उत्तरायणात परत येताना दुसऱ्यांदा. एकाच घटनेच्या दोन आवृत्त्या का, याचा उलगडा यातून होतो.

उत्सव मोजकेच दिवस का टिकतो, हेही यावरून समजते. या काळात सूर्यास्ताचा बिंदू दररोज सुमारे ०.३ अंशाने सरकतो, तर सूर्यबिंबाचा व्यास सुमारे अर्धा अंश असतो. लांब व अरुंद मार्गातून येणारा प्रकाश त्यामुळे थोड्याच दिवसांत मूर्तीवरून बाजूला सरकतो.

किरणे चरणांकडून मुखाकडे चढतात, याचे कारणही भौमितिक आहे. सूर्य जसजसा क्षितिजाकडे झुकतो तसतशी किरणे अधिक आडवी होतात आणि द्वाराच्या वरच्या कडेखालून आत येणारा प्रकाश अधिक उंचीवर पोहोचतो. समजा, प्रकाश अडविणारी कड मूर्तीपासून ६० मीटर अंतरावर आहे. सूर्य १ अंश खाली उतरल्यास प्रकाशाची वरची सीमा सुमारे १ मीटर वर चढेल. ही उंची जवळजवळ संपूर्ण मूर्तीएवढी आहे.

अडथळ्यांचे गणित

येथेच जतनाचा मूळ प्रश्न उपस्थित होतो. मुखावर प्रकाश येतो तो सूर्यास्तापूर्वीच्या अखेरच्या काही मिनिटांत. त्या वेळी सूर्य क्षितिजालगत असल्याने पश्चिमेकडील अल्पशा उंचीचे बांधकामही त्यास झाकू शकते. मंदिरापासून ३०० मीटर अंतरावरील बांधकाम दृष्टिरेषेच्या वर ५ मीटर, म्हणजे साधारण दीड मजला वाढले, तर क्षितिज सुमारे १ अंशाने वर उचलल्यासारखे होते. हे १ अंशाचे अंतर उतरण्यास सूर्याला सुमारे साडेचार मिनिटे लागतात. वर्षभरात गमावला जाणारा प्रकाश त्यामुळे अत्यल्प ठरतो. मात्र जी मिनिटे गमावली जातात, तीच मुखदर्शनाची असतात. एखादी पाण्याची टाकी, जाहिरातफलक किंवा गच्चीवरील पत्र्याची शेड त्यासाठी पुरेशी ठरते. ढग, धुके व धूळ यांचाही परिणाम होतो, परंतु तो त्या त्या दिवसापुरता असतो. बांधकामाचा परिणाम कायम राहतो.

स्थानिक महाविद्यालयांतील अध्यापकांनी किरणांच्या तीव्रतेची व मार्गाची मोजमापे घेतली आहेत आणि मार्गातील काही अडथळे दूर करण्याचे प्रयत्नही झाले आहेत. तथापि, अडथळा निर्माण झाल्यावर तो हटविणे आणि तो निर्माणच होऊ न देणे यांत मोठा फरक आहे. वारसासंरक्षणाच्या रूढ तरतुदी अंतरावर आधारलेल्या असतात. उदाहरणार्थ, केंद्र संरक्षित स्मारकांसाठी २०१० च्या दुरुस्तीने १०० मीटरचे प्रतिबंधित व त्यापुढील २०० मीटरचे नियंत्रित क्षेत्र ठरविले. किरणोत्सवाची गरज मात्र वर्तुळाची नसून एका अरुंद पट्ट्याची आहे. हा पट्टा कोणत्याही वर्तुळाच्या पलीकडे जाऊ शकतो आणि त्याबाहेरील बांधकामांना त्याचा अडसर होण्याचे कारण नाही. किरणमार्गाचे मोजमाप नकाशावर निश्चित करून त्यातील उंचीची मर्यादा विकास आराखड्यात नोंदविणे हा त्यावरील तर्कसंगत उपाय ठरतो.

या संदर्भात गरुड मंडपाचे उदाहरण उद्बोधक आहे. मूळ वास्तूनंतर अनेक शतकांनी नेमका किरणांच्या वाटेवर एवढा मोठा मंडप उभारला गेला आणि तरीही त्याच्या खांबांमधून किरणांची वाट मोकळी राहिली. वाढत्या नगरात नवे बांधकाम व जुनी वाट यांचा मेळ घालता येतो, हे त्यावरून दिसते. मूर्तीच्या बाबतीतही असाच विवेक दाखविला गेला. तिची झीज लक्षात घेऊन नित्य अभिषेक उत्सवमूर्तीवर करण्याची पद्धत स्वीकारण्यात आली आणि २०१५ मध्ये मूळ मूर्तीवर रासायनिक संवर्धनाची प्रक्रिया करण्यात आली. परंपरा टिकविण्यासाठी आचारात बदल करण्याची तयारी येथे पूर्वीपासून आहे.

समारोप

श्रीमहालक्ष्मी मंदिराच्या वारशात पाषाणातील शिल्प, नगरात फिरणारी पालखी आणि वर्षातून दोनदा गाभाऱ्यात येणारा प्रकाश या तिन्हींचा समावेश होतो. पाषाणाची झीज डोळ्यांना दिसते आणि पालखीची वाट अडल्यास ती दुसऱ्या मार्गाने नेता येते. किरणांना मात्र पर्यायी मार्ग नाही. त्यामुळे या मंदिराच्या संवर्धनाची कोणतीही योजना महाद्वारापाशी थांबून चालणार नाही. महाद्वारापासून पश्चिम क्षितिजापर्यंतच्या मोकळ्या अवकाशालाही वास्तूचा घटक मानणे आवश्यक आहे. खगोलशास्त्र, वास्तुशास्त्र, नगररचना, विधी व इतिहास या विषयांच्या अध्यापकांना एकत्र काम करण्यासाठी हे एक सुस्पष्ट आणि निकडीचे क्षेत्र आहे.