गाभ्यास हात न लावता

जयपूरच्या वेधशाळेतील सम्राट यंत्र म्हणजे सुमारे २७ मीटर उंचीची एक दगडी छायाघटिका होय. तिची सावली दर मिनिटास सुमारे सहा सेंटिमीटर सरकते आणि सवाई जयसिंगाच्या काळाप्रमाणे आजही बिनचूक वेळ दाखविते. मात्र ती वेळ जयपूरच्या सूर्याची. आपली घड्याळे चालतात ती १९०६ साली प्रचारात आलेल्या भारतीय प्रमाणवेळेवर, आणि तिचा रेखांश जयपूरच्या बराच पूर्वेस आहे. त्यामुळे पडणारा सुमारे २७ मिनिटांचा फरक, आणि त्यात सूर्याच्या भासमान गतीतील रोजची कमीअधिक तफावत, अशी दुहेरी दुरुस्ती करावी लागते. फेब्रुवारीच्या मध्यास सावलीच्या वेळेत सुमारे ४१ मिनिटे मिळवावी लागतात, तर नोव्हेंबरच्या आरंभी दहाच पुरतात. पण म्हणून चापावरील रेघा फोडून नव्या कोरण्याचा विचार कोणी करीत नाही. दुरुस्तीचे कोष्टक निराळे असते आणि वाचन घेताना ते लावावयाचे असते.

संकेतस्थळे चालविणाऱ्या आज्ञावलींपुढेही असाच प्रश्न उभा राहतो. वर्डप्रेस हे त्यांतील सुपरिचित उदाहरण. मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी २००३ साली ते प्रथम प्रसिद्ध केले. ते विनामूल्य असल्यामुळे लहानसहान संस्थांसही परवडते. जयपुरातील एखाद्या शाळेचे संकेतस्थळ त्यावर चालते अशी कल्पना करू. निवेदने चढविण्याचे काम लिपिकाकडे आहे. व्यवस्थापन-कक्ष उघडताच त्याच्यापुढे एक इंग्रजी सूचना येते: नवी आवृत्ती उपलब्ध आहे, संकेतस्थळाच्या प्रशासकास कळवा. आता हा प्रशासक कोण, हे लिपिकास ठाऊक नसते. तो सूचना तशीच सोडून देतो आणि सुरक्षिततेची दुरुस्ती महिनोन्महिने लांबते. त्याच जागी ‘संगणकशिक्षकांना आजच कळवा’ असे लिहिलेले असते, तर काम झाले असते.

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे मूळ आज्ञावलीची फाइल उघडून वाक्य खोडणे. त्या दिवसापुरते ते साधतेही. परंतु नवी आवृत्ती बसविताना जुन्या फाइलींच्या जागी नव्या ठेवल्या जातात, आणि २०१३ च्या ३.७ या आवृत्तीपासून किरकोळ सुधारणा तर आपोआप बसतात. केलेला बदल कोणाच्या नकळत नाहीसा होतो. तो टिकावा म्हणून कोणी सुधारणाच थांबवून ठेवली, तर सापडलेल्या सुरक्षाछिद्रांना दार उघडे राहते. एका वाक्यासाठी हा सौदा फारच महाग म्हटला पाहिजे.

या अडचणीवरील तोड २००४ च्या १.२ या आवृत्तीत आली. मूळ आज्ञावली चालता चालता ठरावीक ठिकाणी थांबून जणू विचारते, ‘येथे कोणास काही बदलावयाचे आहे काय?’ या ठिकाणांना हुक म्हणतात. त्यांतील फिल्टर नावाच्या प्रकारात आपल्या हाती मजकूर येतो. तो बदलून अथवा तसाच परत द्यावयाचा असतो. बदल करणारी ही दहाबारा ओळींची आज्ञावली प्लगइन म्हणून वेगळ्या फाइलीत राहते, आणि नवी आवृत्ती तिला स्पर्श करीत नाही. ती थीमच्या फाइलीत लिहिण्याची पद्धत आहे खरी, पण थीम बदलली की सारेच जाते.

वर्डप्रेसमधील बहुतेक वाक्ये भाषांतराच्या यंत्रणेतून जातात, आणि तेथे असा एक फिल्टर आहे. त्यास मूळ इंग्रजी वाक्य आणि त्याचे भाषांतर ही दोन्ही मिळतात. इंग्रजी वाक्य आपणांस हवे तेच आहे काय, एवढे ताडून पाहावयाचे आणि असल्यास आपला मजकूर द्यावयाचा. येथे एक मेख आहे. आवृत्तीचा क्रमांक वाक्यात नंतर भरला जातो; फिल्टरपाशी वाक्य येते तेव्हा त्या जागी केवळ एक खूण असते. ती खूण आपल्या वाक्यात न राखल्यास क्रमांक दिसत नाही. शिवाय हा फिल्टर पानावरील प्रत्येक भाषांतरित वाक्यासाठी धावतो, म्हणून त्यात जड काम ठेवू नये. २०२० च्या ५.५ या आवृत्तीपासून तो केवळ गाभ्यातील वाक्यांपुरता मर्यादित करण्याची सोय झाली. २०२३ च्या ६.४ मध्ये सूचनेची चौकट तयार करणारे स्वतंत्र कार्यही आले, आणि त्यासही फिल्टर आहेत.

सूचना बदलण्याऐवजी त्या सरसकट लपविण्याचे प्लगइनही मिळतात. कक्ष नीटनेटका दिसतो खरा, पण धोक्याची तांबडी पट्टीही त्यांबरोबर दिसेनाशी होऊ शकते.

मूळ इंग्रजी वाक्य पुढील आवृत्तीत एका स्वल्पविरामानेही बदलले, तर आपला फिल्टर ते ओळखीत नाही. अशा वेळी कोठेही बिघाड होत नाही. लिपिकास पुन्हा इंग्रजी सूचना दिसू लागते, आणि संगणकशिक्षकांना आपल्या फाइलीतील एक ओळ तेवढी सुधारावी लागते.