वैमानिकाचे क्षितिज आणि दर्शक सर्वनाम

पिंपरी-चिंचवड वा चाकण येथील कारखान्यांत घडलेल्या मोटारीचा चालक काचेतून रस्ता पाहतो. समोरच्या दर्शकफलकाने दगा दिला तरी रस्ता त्यास सावरतो. रात्री समुद्रावर उडणाऱ्या वैमानिकास क्षितिज दिसत नाही, आणि शरीराची तोलाची जाणीवही त्यास फसविते. कलदर्शक यंत्र हेच त्याचे क्षितिज.

१ जानेवारी १९७८ रोजी सायंकाळनंतर मुंबईहून दुबईस निघालेले एअर इंडियाचे ‘एम्परर अशोक’ हे बोइंग ७४७ विमान वांद्र्यानजीक समुद्रात कोसळून २१३ जण मृत्युमुखी पडले. कॅप्टनपुढील कलदर्शक उजवा कल दाखवीत अडकून राहिला होता. त्यावर विसंबून त्यांनी विमान डावीकडे झुकवीत नेले. वस्तुतः कलदर्शक तीन होते: दोघा वैमानिकांपुढे एकेक व तिसरा राखीव. मात्र ते ताडून पाहण्यास अवधी काही सेकंदांचाच. फ्लाइट इंजिनियरने ‘त्यावर’ जाऊ नका, अशा अर्थाचे सुचविले. पण तिहींपैकी ‘तो’ कोणता? दर्शक सर्वनामाचा अर्थ बोटाने वा नजरेने पुरा होतो. मागून बोलणाऱ्याची नजर पुढे बसलेल्यास दिसत नाही. कक्षाच्या परीक्षणात काट्यांच्या सुवाच्यतेचा विचार पुष्कळ होतो, यंत्रांच्या नावांच्या उच्चारसुलभतेचा त्या मानाने थोडा. ‘डाव्यावर जाऊ नका’ म्हणण्यास अधिक वेळ लागला नसता. तेवढ्याने विमान वाचले असते, असे मात्र म्हणवत नाही.