कोनाची करवत

बीदरच्या किल्ल्यातील रंगीन महालात जाणारा मनुष्य काळ्या दगडात बसविलेल्या शिंपल्याच्या नक्षीपुढे थबकतो. सुताराची नजर मात्र तेथील कोरीव लाकडी खांबांच्या सांध्यांवर खिळते. सोळाव्या शतकात अली बरीदशहाने त्या महालाला आजचे रूप दिले, तेव्हा कारागिरांजवळ हातकरवत, पटाशी आणि गुण्या याखेरीज फारसे काही नसावे. आज त्याच बीदर तालुक्यातील जनवाड्यासारख्या गावी, जेथे गिऱ्हाईक मराठीत मागणी सांगते, कारागीर कन्नडात उत्तर देतो आणि भावाची घासाघीस दखनीत होते, सुताराच्या ओसरीवर विजेची कोनाची करवत येऊन बसली आहे. बाजारात तिला ‘मायटर सॉ’ म्हणतात.

या यंत्राची रचना समजण्यास अवघड नाही. खाली पाट, त्याच्या मागे उभी आधारपट्टी, आणि वर बिजागरीवर झुलणारे गोल पाते. पाट उजवीडावीकडे फिरतो. १५, २२.५, ३० व ४५ अंशांवर तो आपोआप अडकावा म्हणून बहुधा खाचा केलेल्या असतात. पाते साधारणतः १० इंच व्यासाचे. मिनिटाला ४,५०० ते ५,००० फेरे घेते. हिशेब केला तर त्याचे दाते ताशी दोनशे किलोमीटरांहून अधिक वेगाने धावत असतात. हात मागे घेण्यास मनुष्याला जो क्षण लागतो, त्या क्षणात दात्यांचे काम आटोपलेले असते.

यंत्र नवे आहे म्हणून त्याचा कोन बरोबरच असेल, असे मानणे चुकीचे आहे. वाहतुकीत बसलेल्या धक्क्यांनीही आधारपट्टी हलते. तसबिरीच्या चौकटीत चार कोपरे आणि आठ काप. प्रत्येक काप केवळ अर्ध्या अंशाने चुकला, तर शेवटच्या कोपऱ्यात ४ अंशांची तूट साचते. २ इंच रुंदीच्या पट्टीत ती सुमारे ५ मिलिमीटरांची फट होऊन दिसते. मग लांबी आणि भुसा कालवून ती बुजविण्याची वेळ येते, आणि पहिल्या उन्हाळ्यात सारे उघडे पडते. तपासणी सोपी आहे. दोन्ही कडा समांतर रंधलेली फळी काटकोनात कापावी, एक तुकडा पालथा करावा आणि दोन्ही तुकडे सरळ पट्टीला टेकवून कापलेली टोके भिडवावी. फट दिसली, तर खरी चूक तिच्या निम्मी. त्या मानाने आधारपट्टीचे स्क्रू सैल करून ती गुण्याने सरळ करावी. हे करण्यापूर्वी प्लग खोबणीतून काढावा. नुसते बटण बंद करणे पुरेसे नव्हे.

जुन्या दगडी भिंतींचे कोपरे क्वचितच काटकोनात असतात. कोपरा ९२ अंशांचा निघाला, तर पट्टीच्या कापांसाठी पाट ४४ अंशांवर फिरवावा. तेथे ४५ची खाच उपयोगाची नाही. गवंडी दोरीवर ३, ४ आणि ५ फूट मोजून काटकोन पाहतात, तीच युक्ती सुतारानेही वापरावी.

कापताना लाकूड पाटावर आणि आधारपट्टीला घट्ट टेकलेले असावे. फळी वाकडी असेल तर तिची फुगीर बाजू आधारपट्टीकडे करावी, नाहीतर काप मिटतो, पाते चिमटले जाते आणि लाकूड उसळते. पाते पूर्ण वेगात येऊ द्यावे, मग सावकाश खाली आणावे. काप पुरा झाल्यावर बटण सोडावे आणि पाते थांबल्यावरच वर उचलावे. या शेवटच्या क्षणी घाई नडते: फिरते पाते उचलताना सुटलेला लहान तुकडा दात्यांत सापडतो आणि गोळीसारखा उडतो. धरणारा हात पात्यापासून निदान ६ इंच दूर हवा. हातमोजे घालू नयेत. दाते मोज्याला धरतात आणि मागोमाग हाताला ओढतात. सैल बाही, गळ्यातील उपरणे, हातातील कडे यांचीही तीच गत. डोळ्यांना चष्मा आणि कानांना झाकण मात्र अवश्य हवे.

पात्याखालचे आपोआप मिटणारे कवच दोरीने वर बांधून ठेवण्याची खोड अनेक ओसऱ्यांवर दिसते. रेषा नीट दिसत नाही, ही सबब. याहून धाडसी प्रकार म्हणजे फरशी कापण्याचे यंत्र पाटाखाली उलटे बसवून त्यावर लाकूड कापणे; ते मिनिटाला १२ ते १३ हजार फेरे घेते आणि त्याचे पाते हाताकडे तोंड करून उघडे असते. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अंगठा गेल्यास कमाईची शक्ती शेकडा ३० आणि तर्जनी गेल्यास शेकडा १४ घटते, असे धरले होते. स्वतःच्या ओसरीत राबणाऱ्या सुताराला तोही आधार नव्हता, कारण त्याला भरपाई देणारा मालकच नाही. आणि अंगठा गेलेला हात रंधा धरील तो कसा, हे टक्क्यांत मावत नाही.

निगा फार नाही, पण नेमाने हवी. सागाची राळ दात्यांवर साचली की पाते तापते, लाकूड जळकट दिसते आणि सुतार जोर लावू लागतो. पाते उतरवून साबणाच्या कोमट पाण्यात भिजवावे, घासून कोरडे पुसावे. ते उतरविताना ध्यानात ठेवावे की, बहुतेक यंत्रांत त्याचा बोल्ट उलट्या आट्याचा असतो. मोटारीत ठिणग्या वाढल्या तर कारागीर ज्यांना नुसते ‘कार्बन’ म्हणतात, ती जोडी एकदम बदलावी. लांब आणि बारीक वायरीवरून यंत्र चालविल्यास दाब घटतो आणि मोटार तापते. पडक्या वाड्याचे जुने साग कापण्यापूर्वी त्यातील खिळे हाताने चाचपून काढावेत. भुशाकडेही दुर्लक्ष नको: लाकडाची धूळ कर्करोगकारक असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये नोंदविले आहे. तोंडाला मुसके असावे आणि ओसरी झाडण्यापूर्वी पाण्याचा हलका शिडकावा करावा. यंत्रावर मात्र नव्हे.

बोटभर लांबीचा तुकडा कापायचा झाला, तर हे यंत्र वापरूच नये. तीन फळ्यांची लाकडी पन्हळ करून तिच्या बाजूंना ४५ अंशांच्या खाचा पाडलेला साचा घरच्या घरी होतो. त्यात तुकडा दाबून हातकरवत चालवावी. वेळ थोडा अधिक लागतो.