विश्लेषण : वीडरच्या कार्बोरेटरमधून पेट्रोल गळतेय? नवा घेण्याआधी हे तपासा

पावसाने उघडीप दिली आहे, कपाशीत तण माजले आहे आणि मजूर मिळत नाहीत. अशा वेळी शेडमधला पॉवर वीडर बाहेर काढावा, तर इंजिनाखाली पेट्रोलचा ओघळ! ‘कार्बोरेटर गेला, नवा टाका’ हा सल्ला लगेच मिळतो. पण बऱ्याचदा दोष एका छोट्या पिनमध्ये किंवा पॅकिंगमध्ये असतो.

गळती नेमकी का होते?

टाकी वर, कार्बोरेटर खाली. त्यामुळे पेट्रोल आपल्या वजनानेच खाली येते. ते रोखण्याचे काम घराच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉलकॉकसारखे चालते. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल भरले की फ्लोट वर उचलला जातो आणि टोकदार निडल पिन पेट्रोलची वाट बंद करते. पिनखाली कचरा अडकला, तिचे टोक झिजले किंवा फ्लोटमध्येच पेट्रोल शिरून तो जड झाला, तर वाट बंद होत नाही. वाटी भरून वाहू लागते. गॅरेजच्या भाषेत ‘कार्बोरेटर ओव्हरफ्लो होतो’.

जुन्या इंजिनांत हे जास्त का?

महिनोन्महिने पडून राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. शिवाय देशाने २०२५ मध्ये पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा गाठला. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. त्यासाठी न बनवलेले जुने रबर त्यात फुगते किंवा कडक होते.

धोका फक्त पेट्रोल वाया जाण्याचा आहे का?

नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती बंद शेडमध्ये जमिनीलगत साचते आणि एका ठिणगीने पेट घेऊ शकते. दुसरा धोका दिसत नाही. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरमधून ऑइलमध्ये उतरते. ऑइल पातळ झाले की पिस्टन आणि बेअरिंग झिजतात. म्हणून आधी ऑइलची पट्टी पाहावी. पातळी वाढलेली असेल किंवा ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल, तर ऑइल बदलल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

दुरुस्ती कशी करावी?

काम उघड्यावर, थंड इंजिनावर करावे. जवळ विडी-सिगारेट नको. कॉक बंद करून प्लगची टोपी काढावी.

१. कार्बोरेटर कोरडा पुसावा. कॉक उघडून थेंब कुठून येतो ते पाहावे. वाटीच्या कडेने किंवा बोल्टपाशी येत असेल, तर पॅकिंग किंवा वायसर बदलावा. हवेच्या तोंडातून किंवा ओव्हरफ्लोच्या नळीतून येत असेल, तर दोष पिन किंवा फ्लोटचा.

२. कॉक बंद करून वाटी खोलावी. खाली भांडे धरून कॉक किंचित उघडावा आणि फ्लोट बोटाने हलकेच वर उचलावा. धार थांबली नाही, तर पिन किंवा तिची बैठक खराब आहे. थांबली, तर फ्लोट तपासावा.

३. फ्लोट कानाशी हलवावा. आत पेट्रोल खळखळले, तर तो बदलावा.

४. पिनच्या टोकावर गोल खाच दिसली, तर नवी पिन टाकावी. बैठक कापडाने आणि कार्बोरेटर क्लीनरने साफ करावी. जेटमध्ये तार घालू नये. पितळ मऊ असल्याने भोक मोठे होते आणि इंजिन जास्त पेट्रोल खाऊ लागते.

५. वाटी बसवताना बोल्ट बेताने आवळावा. इंजिन सुरू न करता कॉक १५ मिनिटे उघडा ठेवावा. खाली ठेवलेला कागद कोरडा राहिला, तर काम झाले.

नवा कार्बोरेटर कधी घ्यावा?

बॉडीला तडा असेल, पिनची बैठक कोरली गेली असेल किंवा बोल्टचे आटे गेले असतील, तर दुरुस्तीत पैसे घालण्यात अर्थ नाही.

पुन्हा गळती होऊ नये म्हणून?

काम संपल्यावर कॉक बंद करावा. हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करावी आणि वाटीतले पेट्रोल इंजिन चालवून संपवावे. कॉक बंद असेल, तर पिन खराब झाली तरी टाकीतले पेट्रोल ऑइलपर्यंत पोहोचत नाही.