डोंगराची ओळख, लेखांक ७ : माहूरचे सपाट माथे

मागील लेखांकात सह्याद्रीच्या पश्चिम धारेवरील डोंगरांची छायाचित्रे कशी ओळखावीत याचा विचार आपण केला. तेथील काम तुलनेने सुकर असते. कारण राजगडाचे किंवा रतनगडाचे नेढे, अथवा माहुलीच्या माथ्यालगतचे नवरा-नवरीचे सुळके एकदा नजरेत भरले, म्हणजे चित्राखाली एक अक्षर लिहिलेले नसले तरी डोंगर पटतो. परंतु नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या काठी, माहूरच्या मुलुखात काढलेली एखादी जुनी तसबीर हाती आली, तर केवळ आकृतीवर विसंबणाऱ्याची तत्काळ पंचाईत होते.

या पंचाइतीचे मूळ भूगर्भात आहे. दख्खनचा हा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याच्या प्रवाहांनी थरावर थर असा आडवा रचला गेला आणि पुढे पाण्याने तो कोरला. त्यामुळे कठीण थराशी उतार थबकतो, तेथे काळ्या कड्याची पट्टी उघडी पडते, आणि एकाच थरावर थांबलेले शेजारशेजारचे माथे जवळजवळ एकाच पातळीचे व सारखेच सपाट दिसतात. रेणुकादेवीचा डोंगर, दत्तशिखर, अनसूया शिखर आणि रामगड हा जुना किल्ला, ही प्रत्येक भाविकाच्या मनात पृथक् असलेली स्थळे धूसर छायाचित्रात एकाच लांबट टेकाडाचे तुकडे वाटू लागतात. म्हणून माझे स्पष्ट मत असे, की या प्रदेशात डोंगराचा आकार पाहण्यात वेळ दवडू नये. कोणती वस्तू कोणत्या वस्तूला झाकते, एवढेच आधी पाहावे.

याची रीत बारकाईने समजून घेण्याजोगी आहे. समजा, चित्रात मंदिराचा कळस किल्ल्याच्या एका बुरुजाच्या नेमका माथ्यावर आला आहे. नकाशावर कळस आणि बुरूज यांना जोडणारी रेषा आखून ती बुरुजाच्या अलीकडे वाढवावी. छायाचित्रकार त्या रेषेवरच कोठेतरी उभा असला पाहिजे, याबद्दल शंका उरत नाही. मागचा कळस बुरुजाच्या किंचित उजवीकडे सरकलेला दिसत असेल तर कॅमेरा त्या रेषेच्या उजव्या अंगास होता, डावीकडे असेल तर डाव्या अंगास. त्याच चित्रात दुसरी अशी जोडी सापडली, उदाहरणार्थ एखाद्या सोंडेचे टोक आणि त्याच्या पाठीमागची खिंड, की दुसरी रेषा मिळते, आणि दोन रेषांचा छेद हे कॅमेऱ्याचे स्थान होय.

अशा जोड्या नसल्या तरी हताश होण्याचे कारण नाही. जुन्या पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचे भिंग असेल, तर निगेटिव्हच्या मध्यबिंदूपासून ९ मिलिमीटर अंतरावरची वस्तू मध्यापासून सुमारे १० अंशांवर असते. या हिशेबाने चित्रातील तीन परिचित स्थळांमधले दोन कोन काढावे, ते पारदर्शक कागदावर एका बिंदूतून निघणाऱ्या तीन किरणांच्या रूपाने आखावे, आणि तो कागद नकाशावर सावकाश सरकवीत राहावे. तिन्ही किरण आपापल्या स्थळांवरून जाऊ लागले, की किरणांचा उगमबिंदू तेच छायाचित्रकाराचे ठिकाण. मोजणीदारांची ही जुनी युक्ती आहे. तिला एकच मोठा अपवाद आहे, तो असा, की तिन्ही स्थळे आणि कॅमेरा एकाच वर्तुळाच्या परिघावर पडले तर कागद त्या परिघावर कोठेही सरकवला तरी उत्तर जुळल्याचा भास होतो. अशा वेळी चौथ्या स्थळाची साक्ष काढल्यावाचून निकाल देऊ नये.

यासाठी लागणारा नकाशा म्हणजे भारतीय सर्वेक्षण विभागाचा ५० हजारांस एक या प्रमाणाचा तक्ता. जुन्या क्रमांकपद्धतीत माहूरचा तक्ता ५६ ई/१३ हा येतो; त्यावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक किलोमीटर. या तक्त्याची पूर्वेकडील कड म्हणजे ७८ अंशांचा रेखांश होय, आणि त्याच रेखांशाच्या आसपास, १८०२ साली मद्रासेत आरंभिलेल्या मोजणीतून पुढे वाढत गेलेली लॅम्बटन या मोजणीदाराची थोरली त्रिकोणमालिका बिदरकडून वऱ्हाडाच्या दिशेने चढत गेली. ते काम अंगावर असतानाच लॅम्बटन १८२३ मध्ये हिंगणघाटला मृत्यू पावला. डोंगरमाथ्यांवरून कोन घेत देश मोजण्याची जी विद्या या भागातून गेली, तीच आपण उलट दिशेने वापरतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या खटाटोपाला केवळ कुतूहलाचा छंद म्हणवत नाही.

सूर्याची साक्ष दुसऱ्या क्रमाची, पण उपयुक्त. माहूर सुमारे १९ अंश ५० कलांवर असल्याने २० मे आणि २४ जुलैच्या सुमारास मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या उत्तरार्धात भर दुपारी सावली जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकी लांब आणि बरोबर उत्तरेस पडते. त्याच दिवसांत सूर्य पूर्वेच्या दक्षिणेस सुमारे २५ अंशांवर उगवतो. तेव्हा उगवत्या सूर्याची दिशा पाहून ती सरसकट पूर्व धरणाऱ्याचा सगळा नकाशाच फिरतो. ऋतूचा पत्ता झाडी देते. साग उन्हाळ्यात निष्पर्ण झाला की कड्यांच्या पट्ट्या स्पष्ट उघड्या पडतात, पळस माघ-फाल्गुनात फुलतो, आणि पावसाळ्यात याच उतारांवर हिरवाईखाली थरांच्या पायऱ्या बुजून जातात.

आता दप्तराची बाजू. चित्राखालच्या मजकुरावर आंधळा विश्वास नको, तसा त्याचा अव्हेरही नको. १९५६ पूर्वी किनवट तालुका, आणि त्यासोबत माहूर, निजामाच्या हैदराबाद राज्यातील आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. नदीपलीकडचा यवतमाळ जिल्हा मात्र वऱ्हाडचा. राज्यपुनर्रचनेत तो तालुका नांदेडला जोडला गेला. म्हणजे ‘आदिलाबाद जिल्ह्यातील डोंगर’ असा दाखला असलेली तसबीर माहूरची नव्हे असे कोणी म्हणेल, तर ती हद्द कोणत्या सालची, ही शहानिशा प्रथम करावी. कोठे ‘मातापूर’ असे लिहिलेले आढळेल. तेही माहूरचेच नाव. याउलट ‘माहुली’ असे वाचून कोणी येथे शोध मांडला तर तो व्यर्थ जाईल, कारण शहापूरच्या माहुलीसारखे सुळके या सपाट मुलुखात नाहीत.

आणखी एक रुजवात अवश्य करावी. काचेच्या निगेटिव्हवरून घेतलेली प्रत कधी कधी उलटी छापलेली असते, डावे ते उजवे झालेले असते, आणि मग कोणतीच रेषा जुळत नाही. चित्रात माणूस असल्यास पदर कोणत्या खांद्यावर आहे ते पाहावे, पाटी असल्यास अक्षरे वाचून पाहावीत. काहीच नसेल, तर आरशात धरलेल्या प्रतिमेवर वरील सर्व कृती पुन्हा करून पाहावी.

आजच्या वाचकाला याहून सोयीचे साधन म्हणजे २००९ पासून उपलब्ध असलेले इस्रोचे ‘भुवन’. उपग्रहचित्रावर जंगलाची कड आणि नदीचे वळण चटकन दिसते. तथापि उपग्रह वरून पाहतो, आणि आपली तसबीर जमिनीवरून काढलेली असते. कोण कोणाच्या आड गेला हे त्याला दिसत नाही. तेवढ्यासाठी समोच्चरेषांचा तक्ता आणि पट्टी जवळ असावीच.

पुढील लेखांकात पैनगंगेच्या काठावरून काढलेल्या चित्रांत नदीची वळणे कशी वाचावीत याचा विचार करू. तोपर्यंत वाचकांना एक विनंती आहे. घरच्या जुन्या संग्रहातील माहूरच्या यात्रेची चित्रे काढून पाहावीत, त्यांच्या पाठीवर मऊ शिसपेन्सिलीने साल, महिना, छायाचित्रकार कोठे उभा होता आणि कोणत्या दिशेस पाहत होता हे लिहावे, आणि घरातील वडीलधारी मंडळी हयात आहेत तोवरच ते त्यांना विचारून घ्यावे.